दोन घड्याळं: लोणावळा, परळ आणि हृदयाच्या स्नायूची गोष्ट

 

आजच्या विषयाची सुरुवात आम्ही आयसीयूच्या बाहेरच्या बाकड्यावरून करणार आहोत. त्या बाकड्यावर आपल्यापैकी बरेच जण कधी ना कधी बसलेले असतील. घरातल्या माणसाला रात्री झटका येतो, तातडीनं बायपास करावी लागते, पहाटे सर्जन बाहेर येतात. मास्क खाली करून सांगतात, "ऑपरेशन व्यवस्थित झालं. रक्ताचा रस्ता मोकळा झालाय. पण पंपिंग कमी आहे. हृदयाचा स्नायू अजून साथ देत नाही. बघू या, वाट पाहावी लागेल."

आपण मान हलवतो. डॉक्टर आत गेले की मग एकमेकांना विचारतो: ऑपरेशन व्यवस्थित झालं, तर पंपिंग कमी का? आणि वाट पाहायची म्हणजे नेमकी कशाची?

आमच्या घरातही हे होऊन गेलं. आमचे एक वडीलधारे रात्री दोनला छातीत जळजळतंय म्हणाले. पित्त म्हणून थंड दूध दिलं, मग सोडा दिला, मग उजाडायची वाट पाहिली. साडेसहाला गाडी काढली. पुढे तातडीचं ऑपरेशन झालं आणि चौथ्या दिवशी इको पाहून आम्हीच घाबरून डॉक्टरांच्या मागे लागलो, "आता कायमचं असंच राहणार का?" म्हणजे जिथे घाई करायची तिथे आम्ही साडेचार तास वाट पाहिली आणि जिथे वाट पाहायची तिथे घाई केली.

आजचं सगळं व्याख्यान या दोन चुकांभोवती आहे. हृदयाच्या स्नायूला दोन घड्याळं आहेत. रक्त अडल्यापासून ते मोकळं होईपर्यंतचं पहिलं घड्याळ मिनिटांवर चालतं. रक्त मोकळं झाल्यानंतरचं दुसरं दिवसांवर आणि आठवड्यांवर चालतं. ही दोन घड्याळं वेगळी आहेत हे कळायला वैद्यकशास्त्राला पाऊणशे वर्षं लागली. त्या इतिहासाचे काही धागे परळला गुंफले गेले आणि एक धागा इथे, आपल्या लोणावळ्यात.

नाडी थांबली म्हणजे काय थांबलं?

१९२४ साली लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू झालं. संस्थापक स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात व्यायामाची तालीम, मालसरला माधवदास महाराजांकडे योगाचं शिक्षण, अमळनेरला अध्यापन, आणि मग लोणावळा. त्याच वर्षी त्यांनी 'योगमीमांसा' हे नियतकालिक काढलं. त्यात आसनांच्या वर्णनाबरोबर क्ष-किरणांची छायाचित्रं आणि दाबाच्या मोजमापांचे आकडे असत. उड्डियान आणि नौली करताना पोटात दाब किती उतरतो, सर्वांगासनात रक्तदाबाचं काय होतं, हे प्रश्न ते यंत्र लावून विचारत होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींचा रक्तदाब वाढला, तेव्हा आसनांविषयी त्यांचा आणि कुवलयानंदांचा पत्रव्यवहार झाला होता.

त्या काळात एक दावा सगळीकडे ऐकू येई: योगी मनात आणलं तर हृदय थांबवू शकतो. लोक नाडीवर बोट ठेवत, नाडी लागत नसे, आणि सगळे थक्क होत. १९३५ मध्ये तेरेझ ब्रॉस या फ्रेंच डॉक्टर ईसीजीचं यंत्र घेऊन भारतात आल्या आणि हे मोजून पाहायचा प्रयत्न त्यांनी केला. त्यानंतर १९५७ च्या सुमारास अमेरिकेतले मेरियन वेंगर आणि बसू बागची हे दोघं भारतात योगाभ्यासकांना तपासत फिरले. त्या फिरतीत ते लोणावळ्यालाही आले होते. दिल्लीच्या एम्सचे बी. के. आनंद त्यांच्या जोडीला होते. या तिघांचा निबंध १९६१ मध्ये 'सर्क्युलेशन' या हृदयविकाराच्या मान्यवर नियतकालिकात आला.

त्यांना काय दिसलं? श्वास रोखून, घसा बंद करून, छाती आणि पोटाचे स्नायू ताणले की छातीतला दाब वाढतो. शिरांमधून हृदयाकडे परतणारं रक्त अडतं. हृदयाला पुढे ढकलायला रक्तच कमी मिळतं, म्हणून मनगटाची नाडी मंदावते किंवा लागेनाशी होते. स्टेथोस्कोपमधले ठोकेही ऐकू येत नाहीत. पण ईसीजीची रेषा चालूच राहते. हृदय थांबलेलं नसतं. एका अभ्यासकानं मात्र वेगळ्या पद्धतीनं हृदयाचा वेग खरोखर बराच कमी करून दाखवला, हेही त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवलं.

यातून योग खोटा ठरला, असं कुणी म्हणू नये. कुवलयानंदांनी स्वतःच यंत्राला घरात घेतलं होतं. आपल्याला घ्यायचा तो धडा वेगळा आहे: बोटाला जे लागतं ते एक, आणि स्नायूत जे चाललेलं असतं ते दुसरं. नाडी लागली नाही म्हणून हृदय थांबलं असं होत नाही. पुढे शस्त्रक्रियेच्या जगात याच वाक्याचं जुळं भावंड जन्माला आलं: स्नायू हलत नाही म्हणून तो मेला असं होत नाही. तिथे आपण येणारच आहोत.

सहा आठवडे पाठीवर

मधल्या काळात झटका येऊन वाचलेल्या माणसाचं काय करत असत? १९३९ मध्ये बॉस्टनच्या मॅलरी, व्हाइट वगैरे मंडळींनी मृतांच्या हृदयांचा अभ्यास करून दाखवलं की झटक्यानंतर मेलेल्या भागाच्या जागी घट्ट व्रण तयार व्हायला साधारण सहा आठवडे लागतात. निरीक्षण बरोबर होतं. त्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र कडक निघाला: सहा आठवडे पाठीवर पडून राहा. घास दुसऱ्यानं भरवायचा, कूस दुसऱ्यानं बदलायची.

आपल्याकडे हे फार पटकन रुजलं, कारण आजारी माणसाला अंथरुणावर ठेवणं आपल्या रक्तातच आहे. आणि ज्यांना परवडत होतं त्यांच्यासाठी त्यानंतरची पायरी म्हणजे हवापालट. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि खंडाळा-लोणावळा मुंबईकरांच्या हाताशी आलं. पुढे या पट्ट्यात बंगले उठले, विश्रांतिगृहं उठली. तळेगावच्या जनरल हॉस्पिटलच्या नावातच 'कन्व्हॅलेसंट होम' आहे. आजारातून उठलेल्या माणसाला सावरायला जागा, ही कल्पना आपल्या तालुक्याला नवी नाही.

१९५२ मध्ये सॅम्युअल लेव्हिन आणि बर्नार्ड लाऊन या दोघांनी बॉस्टनमध्ये एक साधी गोष्ट केली. झटक्याच्या रुग्णांना लवकर उठवून खुर्चीत बसवलं. सुरुवातीला सहकाऱ्यांनाच ते धोक्याचं वाटलं. पण खुर्चीतले रुग्ण अंथरुणातल्यांपेक्षा बरे राहिले. पडून राहिल्यानं पायात गुठळ्या होतात, फुप्फुसात पाणी साचतं, मन खचतं. वाट पाहणं म्हणजे न हलणं नव्हे, हे त्यातून लक्षात आलं.

हृदय थांबवायचं, पण मारायचं नाही

आता शस्त्रक्रियेकडे. हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया तातडीचीच होती. सप्टेंबर १८९६ मध्ये फ्रँकफर्टला लुडविग रेन यांनी भोसकलेल्या तरुणाच्या धडधडत्या हृदयाला टाके घातले आणि तो वाचला. पण धडधडणाऱ्या हृदयाला वरून टाका घालणं वेगळं आणि ते उघडून आत काम करणं वेगळं. त्यासाठी हृदय शांत हवं आणि शरीराला रक्त तर मिळत राहायला हवं. टोरोंटोच्या बिगेलो यांनी १९५० मध्ये शरीर थंड करण्याचा मार्ग दाखवला. मे १९५३ मध्ये फिलाडेल्फियाला जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्रावर पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं. आपण ज्याला 'पंपावर घेतलं' म्हणतो, ते हेच.

१९५५ मध्ये लंडनच्या डेनिस मेलरोज यांनी हृदयाच्या धमन्यांत पोटॅशियम सायट्रेट सोडून हृदय हवं तेव्हा थांबवण्याची युक्ती मांडली. सर्जन खूश झाले. काही वर्षांतच लक्षात आलं की इतक्या तीव्र द्रावणानं स्नायूलाच इजा होतेय, आणि पद्धत मागे पडली. पुढची काही वर्षं पुष्कळ ठिकाणी नुसतं रक्त बंद करून, थंड करून, जमेल तेवढ्या वेगानं काम उरकलं जाई.

त्याची किंमत १९७२ मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांनी एका शब्दात सांगितली: दगडी हृदय. ऑपरेशन उत्तम झालेलं, झडप नवी बसलेली, रक्त पुन्हा सोडलेलं. आणि हृदय मुठीसारखं आवळून घट्ट झालेलं, सैल व्हायलाच तयार नाही. कारण स्नायूला आकसायला जशी ऊर्जा लागते तशी सैल व्हायलाही लागते. ऊर्जेचा साठा संपला की तो आवळलेल्या अवस्थेतच अडकतो. सर्जनचा हात कितीही सफाईदार असला तरी स्नायूचं घड्याळ त्याच्यासाठी थांबत नाही.

१९७६ मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या हर्स आणि ब्रेमब्रिज यांच्या गटानं पोटॅशियमचं प्रमाण बेतशीर ठेवलेलं थंड द्रावण मांडलं. त्याला म्हणतात कार्डिओप्लेजिया. हृदय थांबतं, त्याची भूक कमी होते, आणि साठा पुरतो. आज तुमच्या-आमच्या घरातल्या बहुतेक ऑपरेशनांत या द्रावणाचं कुठलं ना कुठलं भावंड वापरलेलं असतं. भारतातली पहिली बायपास १९७५ ची, मद्रासच्या पेरांबूर रेल्वे हॉस्पिटलमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी केलेली. म्हणजे बायपास भारतात आली ती स्नायू जपण्याचं शास्त्र आकाराला येत असतानाच.

परळ, आणि सापाचं हृदय

या सगळ्या वर्षांत मुंबईत काय चाललं होतं? परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन नावाचे सर्जन होते. मूळचे कोलकात्याचे, पण सारी कर्मभूमी परळ. १९५२ मध्ये त्यांनी मायट्रल झडप मोकळी करण्याची शस्त्रक्रिया केली. संधिवाती तापानं झडपा आवळलेली तरुण मुलं-मुली केईएममध्ये रांगेनं येत, त्या काळातली ही गोष्ट.

सेन यांना एक कोडं पडलं होतं. माणसाच्या हृदयाच्या पोकळीत रक्त भरलेलं असतं, आणि तरी भिंतीचा स्नायू रक्तावाचून मरतो. विहिरीच्या काठावर तहानेनं जीव जावा तसं. कारण आपल्या स्नायूला रक्त मिळतं ते बाहेरून, धमन्यांच्या नळ्यांतून. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांत तसं नसतं. त्यांच्या हृदयाची भिंत स्पंजासारखी असते आणि आतल्या पोकळीतलंच रक्त त्या छिद्रांतून स्नायूत झिरपतं.

मावळातल्या माणसाला हे सांगायला दोन शब्द पुरतात: पाट आणि खाचर. माणसाचं हृदय पाटाच्या पाण्यावर जगतं. पाट बुजला की शेत वाळतं. सापाचं हृदय भाताच्या खाचरासारखं, पाणी बांधातच उभं.

सेन यांनी विचारलं, माणसाच्या हृदयाच्या भिंतीतही सुईनं बारीक वाटा पाडल्या तर? १९६५ मध्ये सेन, उदवाडिया, किणरे आणि परुळकर या चौघांचा निबंध अमेरिकेतल्या छातीच्या शस्त्रक्रियेच्या नियतकालिकात आला. कुत्र्यांवरच्या प्रयोगांवर आधारलेल्या या पद्धतीला त्यांनी हृदयस्नायूचं अ‍ॅक्युपंक्चर म्हटलं. यातले तेहेमटन उदवाडिया पुढे भारतातल्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेचे जनक म्हणून ओळखले गेले.

कल्पना देखणी होती. निसर्गानं मात्र पूर्ण साथ दिली नाही. पाडलेल्या वाटा व्रणानं भरून येत. दोन दशकांनी परदेशात त्याच वाटा लेसरनं पाडायला सुरुवात झाली, अमेरिकेत १९९८ मध्ये त्या यंत्राला मान्यताही मिळाली, आणि प्रत्येक इतिहासात सेन यांचं नाव पूर्वसूरी म्हणून येतं. पुढे धमनीतून नळी घालून लेसर वापरण्याच्या पद्धतीची लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना झाली, तेव्हा फरक दिसला नाही. म्हणजे उत्तर टिकलं नाही. प्रश्न मात्र टिकला, कारण तो बरोबर विचारला होता: हा स्नायू उपाशी आहे, त्याला जेवण कुठून द्यायचं?

याच सेन यांनी फेब्रुवारी १९६८ मध्ये केईएममध्ये भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. केपटाऊनला ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं केलं त्याला तीन महिनेही झाले नव्हते. परळचा रुग्ण काही तासच जगला. सप्टेंबरमधला दुसरा रुग्ण चौदा तास. त्यानंतर मुंबईत हृदय प्रत्यारोपण थांबलं ते ४७ वर्षं. ऑगस्ट २०१५ मध्ये पुण्यातल्या दात्याचं हृदय विमानानं मुंबईला आणून मुलुंडच्या रुग्णालयात बसवलं गेलं आणि ते यशस्वी झालं. काढलेलं हृदय बर्फात साधारण चार तास टिकतं, हा हिशोब धरूनच रस्ते मोकळे केले होते. पहिलं घड्याळ समोर ठेवून केलेलं ते काम होतं.

मेलेला, मान टाकलेला, आणि निजलेला

आता आपण मूळ प्रश्नाकडे येतो. रक्त मोकळं झालं, तरी पंपिंग कमी का?

पहिलं घड्याळ प्रयोगानं मोजलं ते अमेरिकेतल्या रायमर आणि जेनिंग्ज यांनी, १९७७ मध्ये. कुत्र्यांच्या हृदयाची एक धमनी बंद करून ठरावीक वेळानं उघडली. चाळीस मिनिटांत उघडली तर भिंतीच्या जाडीपैकी सुमारे ३८ टक्के भाग मेलेला होता. तीन तासांनी ५७ टक्के. सहा तासांनी ७१. मरण आतल्या अस्तरापासून बाहेर सरकत जातं, किनाऱ्याकडे येणाऱ्या लाटेसारखं. याचा अर्थ असा की उशीर झाला तरी वाचवण्यासारखं काही उरलेलं असतं, आणि ते दर मिनिटाला कमी होत असतं. माणसाच्या बाबतीत आकडे थोडे बदलतात, दिशा तीच.

दुसरं घड्याळ त्याआधीच, १९७५ मध्ये, हेंड्रिक्स आणि सहकाऱ्यांना दिसलं होतं. त्यांनी धमनी फक्त पाच मिनिटं बंद केली, मग उघडली. काहीच मेलं नाही. पण तो भाग तीन तासांहून अधिक काळ नीट आकसला नाही. पंधरा मिनिटं बंद ठेवली तर सहा तासांहून अधिक. रक्त आहे, पेशी जिवंत आहेत, काम मात्र नाही! १९८२ मध्ये ब्राउनवाल्ड आणि क्लोनर यांनी याला नाव दिलं. मराठीत आपण 'बधिरलेला स्नायू' म्हणू.

लावणीचे दिवस आठवा. रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावलं की पहिले काही दिवस ते पिवळं पडतं, मान टाकतं. पाणी भरपूर असतं, तरी. शेतकरी ते उपटून फेकत नाही. त्याला ठाऊक असतं की मूळ धरायला वेळ लागतो. तातडीच्या ऑपरेशननंतरचा बधिरलेला स्नायू नेमका या अवस्थेत असतो. रक्त अडलं तेव्हा पेशींत बिघाड झाला. रक्त परत आलं तेव्हाही थोडी जास्तीची इजा झाली, कारण अचानक आलेल्या प्राणवायूबरोबर घातक रेणू तयार होतात आणि पेशीतल्या कॅल्शियमचा तोल जातो. ही दुरुस्ती तासांची, दिवसांची, कधी काही आठवड्यांची असते.

तिसरी अवस्था आणखी वेगळी. काहींच्या धमन्या वर्षानुवर्षं हळूहळू आवळत गेलेल्या असतात. रक्त कमी मिळतं म्हणून स्नायू आपलं काम कमी करतो, जेवढं मिळतं तेवढ्यात जगतो. या 'निजलेल्या' स्नायूची कल्पना १९८० च्या दशकात जगापुढे ठामपणे मांडली ती शाहबुद्दीन रहिमतुल्ला यांनी. जन्म मुंबईचा, शिक्षण कराचीला, आणि पुढे काम अमेरिकेत. उन्हाळ्यात मातीखाली निजलेला बेडूक पहिल्या पावसाला जसा ओरडायला लागतो, तसा हा स्नायू रक्त मिळालं की जागा होतो. पण सगळा एका रात्रीत नाही; पेशींची आतली रचना बदललेली असते, त्यामुळे काही महिनेही लागतात.

म्हणजे इकोवर न हलणारा भाग तीन प्रकारचा असू शकतो: मेलेला, बधिरलेला किंवा निजलेला. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात. लोणावळ्याच्या त्या न लागणाऱ्या नाडीसारखं आहे हे. म्हणूनच चौथ्या दिवशीच्या इकोवरून आयुष्याचा निकाल लावायचा नसतो. हृदयाच्या गतीवर लक्ष ठेवणारं शॉक देणारं यंत्र छातीत बसवायचं की नाही, हे ठरवण्यापूर्वी झटक्यानंतर निदान ४० दिवस आणि बायपासनंतर सुमारे तीन महिने थांबून पुन्हा पंपिंग मोजावं, असा आज जगभरचा संकेत आहे. आमच्या घरच्या त्या वडीलधाऱ्यांचंही तसंच झालं. तीन महिन्यांनंतरच्या इकोत पंपिंग बरंच सुधारलेलं होतं. सगळं परत आलं नाही. जे परत आलं नाही, ते बहुधा त्या साडेचार तासांत गेलं होतं.

तातडीचा हिशोब

ज्यांचं हृदय इतकं खचतं की रक्तदाबच टिकत नाही, त्यांच्यासाठी तातडीनं रक्तमार्ग उघडावा की आधी औषधांनी सावरावं, हा वाद बराच काळ चालला. १९९९ मध्ये ज्युडिथ हॉकमन यांच्या गटानं ३०२ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला तातडीनं अँजिओप्लास्टी किंवा बायपास, दुसऱ्याला आधी औषधं. तीस दिवसांनी पहिल्या गटातले ४६.७ टक्के दगावले होते, दुसऱ्यातले ५६. फरक ठामपणे सांगण्याइतका नव्हता. सहा महिन्यांनी पाहिलं तेव्हा आकडे होते ५०.३ आणि ६३.१. आता फरक स्पष्ट होता.

या आकड्यांत आम्हाला दोन्ही घड्याळं दिसतात. घाई पहिल्या तासांत करायची होती. तिचं फळ महिन्यांनी दिसलं.

आणि दर दोघांतला एक तरीही गेला, हेही विसरू नये. आयसीयूतला बलून पंप १९६७ पासून वापरात आहे. अशा रुग्णांत त्यानं जीव जास्त वाचतात का, हे २०१२ मध्ये ६०० रुग्णांवर तपासलं, तेव्हा तसा फरक आढळला नाही. यंत्रं आधार देतात, वेळ मिळवून देतात. मेलेला स्नायू कुठलंच यंत्र परत आणत नाही.

का आणत नाही, याचं उत्तर अणुचाचण्यांमुळे मिळालं, हे ऐकून नवल वाटेल. १९६३ पर्यंत वातावरणात झालेल्या अणुस्फोटांनी हवेतला कार्बन-१४ वाढला होता आणि तो त्या काळात जन्मलेल्या पेशींच्या डीएनएत उतरला. स्वीडनमधल्या योनास फ्रिसेन यांच्या गटानं २००९ मध्ये त्यावरून हृदयाच्या पेशींचं वय काढलं. पंचविशीत वर्षाला जेमतेम एक टक्का स्नायूपेशी नव्यानं येतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहूनही कमी. कातडी महिन्याभरात बदलते. हृदय जवळजवळ जन्मभराचं एकच.

आता मावळाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. समजा, कामशेतपासून आत, नाणे मावळातल्या एका वाडीत पहाटे तीनला एखाद्याच्या छातीत दुखायला लागलं. शेजारून पुण्या-मुंबईला जोडणारा द्रुतगती मार्ग आहे. पलीकडे पिंपरी-चिंचवडला, पुण्याला मोठी रुग्णालयं आहेत. २०१४ पासून १०८ ची रुग्णवाहिका आहे. म्हणजे चाकांचा प्रश्न पूर्वीइतका उरलेला नाही. सगळ्यात जास्त वेळ जातो तो घरातच, 'पित्त असेल' आणि 'उजाडू दे' या दोन वाक्यांत. गुरांना आंबोण घालून निघू, धाकट्या भावाला बोलावू, मग बघू. यात दीड-दोन तास सहज जातात, आणि आतली लाट अस्तरापासून बाहेर सरकत राहते.

पुन्हा लोणावळा

मग दुसऱ्या घड्याळाच्या काळात काय करायचं? छातीचं मधलं हाड तारेनं बांधलेलं असतं, ते जुळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर जड उचलायचं नाही. पण बसायचं, उभं राहायचं, चालायचं, रोज थोडं वाढवत. खोल श्वास घ्यायचा. ते तीन गोळ्यांचं खेळण्यासारखं यंत्र देतात, ते फुप्फुसं उघडी राहावीत म्हणून. आणि औषधं सोडायची नाहीत, कारण खचलेल्या हृदयावरचा भार कमी ठेवण्याचं काम तीच करतात.

इथे इतिहासाचं एक वर्तुळ पूर्ण होतं. हृदयविकारानंतरच्या सावरण्यात योगाचा उपयोग होतो का, हे भारतातल्या २४ रुग्णालयांत ३,९५९ रुग्णांवर तपासलं गेलं. 'योगा-केअर' नावाच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० मध्ये आले. योगाधारित पुनर्वसन घेतलेल्यांना स्वतःची तब्येत थोडी अधिक बरी वाटली आणि आजारापूर्वीच्या कामांकडे ते अधिक चांगले परतले. मृत्यू आणि पुन्हा झटका यांत मात्र ठाम फरक दिसला नाही. दोन्ही वाक्यं सांगितली पाहिजेत. पहिलंच सांगणारे पुष्कळ भेटतात, दुसरंच सांगणारेही. कुवलयानंदांनी शंभर वर्षांपूर्वी यंत्र लावलं ते दोन्ही वाक्यं ऐकायची तयारी ठेवूनच.

तर त्या बाकड्यावरच्या प्रश्नाचं उत्तर हे. डॉक्टर 'वाट पाहू' म्हणतात तेव्हा ते टाळत नसतात. मान टाकलेलं रोप मूळ धरतंय का, ते पाहत असतात. आपणही पाहावं, रुग्णाला हळूहळू चालवत, धीर देत. आणि पुढच्या वेळी, कुणाच्याही घरी, रात्री दोनला छाती दुखली तर दुधाचं पातेलं राहू द्या. फोन उचला.



व्याख्यानानंतरचा एक प्रश्न

श्रोत्यांतून एका ताईंनी विचारलं: "बाबांच्या ऑपरेशनला पाच महिने झाले. पंपिंग थोडंच वाढलंय. आता आशा सोडायची का?"

ताई, तुमच्या बाबांबद्दल त्यांचे डॉक्टरच सांगू शकतील. आम्ही इथून सांगणं बरोबर नाही. इतिहास एवढं सांगतो की निजलेल्या स्नायूला काही वेळा सहा महिने, कधी त्याहून जास्तही लागलेत. आणि पंपिंगचा आकडा हे सगळं नव्हे. तोच आकडा असलेली दोन माणसं वेगळी जगतात. एक जिना चढतो, एक अंथरुणावर असतो. बाबा आज किती चालतात, मागच्या महिन्यात किती चालत होते, ते एका वहीत लिहून ठेवा आणि पुढच्या तपासणीला जाताना ती वही बरोबर न्या. डॉक्टरांना तिचा उपयोग होईल, आणि तुम्हालाही.